तिसऱ्या परसाखालचं हाड

सोनपेठच्या पुढे गोदावरीकाठी आमचं शेत. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा थोरले दीर बेपत्ता होऊन चार-पाच वर्षं झाली होती. विद्यापीठाच्या नामांतरावरून गावं पेटली त्या दिवसांत ते औरंगाबादला शिकत होते आणि सुट्टीला आले की पारावर बसून नामांतराच्या बाजूने बोलायचे. आमच्या गावात असं बोलणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणं. एका संध्याकाळी ते एसटीतून फाट्यावर उतरले, हे एकाने पाहिलं. घरी मात्र पोचले नाहीत. फाट्यावरून घराकडे येणारी वाट नदीकाठच्या आमच्याच शेतातून जाते. त्यांना मारून तिथंच पुरलं असेल, असं घरात कोणी तोंडाने बोललं नाही, पण माझ्या सासूबाईंनी त्या वाटेने जाणं कायमचं सोडलं. मी त्यांना आत्याबाई म्हणायचे.

त्या शेतात विहीर खोदायचं माझ्या नवऱ्याने ठरवलं. आत्याबाई नको म्हणाल्या. कारण विचारलं तर उठून आत गेल्या.

मी भूशास्त्राची पदवीधर. त्यामुळे घरात माझं नाव ‘दगडं शिकलेली सून’. भाकरी करपली की आत्याबाई म्हणायच्या, “दगडं भाजायचं शिकवलं न्हाई व्हय कालेजात?” मीही काही कमी नव्हते. विहिरीचं काम निघालं तेव्हा म्हटलं, आता बघा माझं शिक्षण कामाला येतं की नाही. रोज काठावर जाऊन थर बघायचे. वर काळी माती, खाली पिवळी, पिवळीत चुनखडीचे पांढरे पट्टे. माणसाने उभं राहून हात वर केला की जेवढी उंची होते, तो एक परस. तिसऱ्या परसाखाली गोट्यांचा थर लागला, चुन्याने घट्ट धरलेला. तिथंच हाड निघालं.

हातभर लांब, उभं चिरलेलं, त्यामुळे मुळात किती जाड असेल ते कळेना. खोदणारे पहारी खाली टाकून वर आले. त्यांच्यातला म्हातारा म्हणाला, “मानसाचं हाय का जनावराचं, आमाला ठावं न्हाई. पर आमी आता उतरत न्हाई.”

गावात बातमी आमच्या आधी पोचली. आत्याबाई आल्या, त्या त्याच वाटेने, अनवाणी. रडल्या नाहीत. खाली बसून हाड मांडीवर घेतलं आणि पदराने माती पुसू लागल्या, लेकराचं तोंड पुसावं तशा. मी म्हणाले, “आत्याबाई, हे लय जुनं हाय. दगड झालाय त्याचा.” त्यांनी ऐकलंच नाही. हाड बाजूला ठेवून खोदणाऱ्यांनी वर काढलेल्या टोपलीतले गोटे त्या चिवडायला लागल्या.

काय शोधताहेत ते मला कळलं. आम्ही लिंगायत. जन्मल्यावर गळ्यात बांधलेलं लिंग मरेपर्यंत अंगावर असतं, आणि पुरतानाही हातात देतात. बोराएवढं, वरून काळं लेपण लावलेलं. ते ज्यात ठेवतात ती चांदीची डबी कोणी चोरून नेली तरी लिंग कोण नेणार?

आणि त्यांना ते सापडलं. काळा, गुळगुळीत, गोल गोटा. मुठीत धरून माझ्यापुढे केला. “हे त्याचंच हाय.”

थर मला सांगत होते की ते खरं नाही. पुरायला खड्डा केला असता तर ते पांढरे पट्टे तुटले असते, आणि ते तर विहिरीच्या चारी अंगांना सलग होते. हे मला पक्कं माहीत होतं. तरी त्या गोल दगडाकडे बघून माझा हात गळ्याकडे गेला. माझ्या गळ्यातलंही तसंच होतं ना.

पारख सोपी होती. लेपण खरवडून निघतं, गारगोटीवर ओरखडाही उठत नाही. पण लिंग असलं तर खरवडणं पाप, आणि लेपण निघालं तर? नवरा दुसरीकडे बघत होता. शेवटी आत्याबाईंनीच गवताचा विळा माझ्या हातात दिला. “वरबाड. तू शिकलेली हाईस.”

मी डोळे मिटून विळा ओढला. उघडले तेव्हा दगडावर ओरखडा नव्हता. विळ्याच्या लोखंडाचीच करडी रेघ त्यावर उमटली होती.

मग माझं तोंड सुटलं. भीती उतरली की माणूस फार बोलतो. मी त्यांना सांगितलं, आपल्या जिल्ह्याचा तळ म्हणजे काळा पाषाण, थंड झालेला लाव्हा. त्याच्या पोटात हाडं शोधायची म्हणजे तापल्या तव्यावर कोंब शोधायचा. त्याच्यावर फार उशिरा नदीने गाळ पसरला. त्या जुन्या गाळात तेव्हाची जनावरं निघतात, हत्ती, रानबैल. हे तसलंच हाड. ज्या वयाचा थर, त्या वयाचंच त्यात सापडणार. आपल्या काळातलं माणूस इतक्या खाली कसं असेल? ते असलं तर वरच्या काळ्या मातीत, कमरेएवढ्या खोलीत. परीक्षेत उत्तर लिहावं तसं मी हे धडाधड सांगितलं. आत्याबाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं, गोटा टोपलीत ठेवला आणि घरी गेल्या.

विहिरीला पाणी लागलं. हाड माझ्या नवऱ्याने कोनाड्यात ठेवलं, येणाऱ्या-जाणाऱ्याला तो हत्ती म्हणून दाखवायचा. मला वाटलं, संपलं.

उन्हाळ्यात नांगरट सुरू झाली. मी भाकरी घेऊन शेतात गेले तर आत्याबाई नांगरामागून चालत होत्या. नांगराने उलथलेलं प्रत्येक ढेकूळ वाकून बघत होत्या, फोडत होत्या.

“आत्याबाई, या उन्हात काय करायलाव?”

त्यांनी मान वर केली नाही. “तूच सांगितलीस की. वरच्या काळ्या मातीत.”

मी भाकरीचं गाठोडं बांधावर ठेवलं, पदर खोचला आणि त्यांच्या शेजारच्या, नांगराने पाडलेल्या तासात उतरले. खाली बघायची मला भीती वाटत होती, पण बघत चालले.