ताईचं न दिसणारं रफू

माझी थोरली बहीण रफूगार आहे. कोटाला सिगारेटने भोक पडू दे नाहीतर शाल खिळ्यात अडकू दे, ताईच्या हातून गेली की फाटली कुठे होती हे मालकालाही सापडत नाही. गिऱ्हाईक कापड उजेडात धरून शोधायला लागलं की ही चष्म्यावरून बघत गालातल्या गालात हसते. या कौतुकानेच घात केला, असं मी तिला तोंडावर सांगितलंय.

दीड वर्षापूर्वी रस्ता ओलांडताना तिच्या मुलीला, आमच्या ठमीला, एका गाडीने उडवलं. ठमी तेव्हा सात वर्षांची. डोक्याची जखम भरली, केस वाढले, वरून बघाल तर पोर ठणठणीत. पण दप्तर भरता भरता ती मध्येच थांबते, आपण काय करत होतो हेच तिला आठवत नाही. मोजा सापडला नाही तरी आकांडतांडव. हे जगाला दिसू नये म्हणून ताईने जिवाचा आटापिटा चालवला. कपडे घालायच्या क्रमाने मांडून ठेवायचे, वार-तारीख रोज सकाळी घोटून घ्यायची, आणि कुणी काही विचारलं की विचारणाऱ्याच्या मागून बोटांनी खुणा करायच्या.

नुकसानभरपाईच्या दाव्यासाठी डॉक्टरांनी तपासलं तेव्हाही हिने तेच केलं. ठमीने धडाधड उत्तरं दिली. अहवाल आला, मुलगी पूर्ण बरी. विमा कंपनीच्या हातात आयतंच कोलीत मिळालं.

खुणांचं कळल्यावर वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, लहान मुलांच्या मेंदूची इजा कधीकधी कित्येक वर्षांनी उघडी पडते. पुढे तिला वेगळं शिकवणारं, सांभाळणारं माणूस लागलं तर? एकदा दावा मिटला की परत मागता येणार नाही. कोर्टाने फेरतपासणी दिलीय, पण एकदाच. तुम्ही तोंड उघडायचं नाही."

"म्हणजे माझ्या पोरीला चारचौघांत वेडी ठरवू?" ताई फणकारली.

"आणि तुझ्यामागे तिला खुणा कोण करणार?" मी बोलून गेले आणि जीभ चावली. त्या दिवशी ताईला सुईत दोरा ओवता येईना.

तपासणीच्या खोलीत एक बुटकं टेबल होतं, त्यावर लाकडी ठोकळे. डॉक्टरांनी पाच शब्द सांगितले. चावी, बेडूक, शिडी, लिंबू, टोपी. मग ठोकळे रचायला दिले. थोड्या वेळाने म्हणाले, "आता सांग बघू ते शब्द."

"चावी," ठमी म्हणाली. "बेडूक." मग ती वळून आईकडे बघायला लागली.

ताई दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली होती. मलाच 'शिडी' म्हणून ओरडावंसं वाटत होतं.

"आई, सांग ना."

ताईचे ओठ हलले. झालं, आता सगळं गेलं, असं मला वाटलं. पण आवाज आला नाही. डॉक्टर कागदावर काहीतरी लिहीत होते.

ठमी खुर्चीवरून उतरली. आईजवळ येऊन तिचा चेहरा न्याहाळत राहिली. "तुला पण आठवत नाही?"

ताईने नाही म्हणून मान हलवली. तिचे डोळे भरून वाहत होते.

ठमीने एकदा डॉक्टरांकडे बघितलं आणि आईच्या कानाला तोंड लावलं. मागेच बसलेल्या मला ते ऐकू आलं.

"असू दे. मी कुणाला सांगणार नाही."