पाच डबे, भरून परत

या गोष्टीला सहा वर्षं झाली आणि खरं सांगायचं तर आता ती सांगायचाही कंटाळा येतो. पण एखादी मैत्रीण फोनवर "अगं, मी त्याला सांगितलं आणि तेव्हापासून तो असा तुटक का वागतोय?" म्हणून रडायला लागली की मला माझे पाच स्टीलचे डबे आठवतात. तिला काय सांगावं ते मात्र सुचत नाही.

मी नोएडात सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. पुण्याहून आले तेव्हा दोन वर्षांत परत जाणार होते. इथला प्रत्येक मराठी माणूस हेच सांगतो आणि इथेच म्हातारा होतो. ज्याची ही गोष्ट, तो आमच्या शेजारच्या इमारतीतल्या ऑफिसात होता, पण ओळख झाली ती दिल्लीत, कस्तुरबा गांधी मार्गावरच्या मराठी जेवण मिळणाऱ्या अतिथीगृहात, रविवारच्या जेवणाला. मी वरणभातावर पिळायला लिंबू शोधत होते. समोर बसलेल्या त्यानं आपल्या ताटातली फोड उचलून माझ्या ताटात ठेवली. "उष्टी नाहीये," एवढंच म्हणाला.

त्याचं गाव सातारा जिल्ह्यातलं, पण ते कागदावर. वडील फौजेत होते, त्यामुळे लहानपण सगळं छावण्यांमधल्या क्वार्टर्समध्ये गेलं. शाळा सात. थोरली बहीणही फौजीलाच दिलेली आणि तेव्हा इथेच दिल्ली कँटोन्मेंटमध्ये राहायची. तो एकटा राहायचा, आम्लेट आणि ब्रेडवर जगायचा. मग मी रविवारी त्याला डबा द्यायला लागले. कधी दाण्याची चटणी, कधी मेतकूट, कधी नुसती कोबीची भाजी. एकेक करून माझे पाचही स्टीलचे डबे त्याच्याकडेच राहिले (नंतर मी प्लास्टिकच्या डब्यांतून द्यायचे) आणि मला त्याचं बरंच वाटायचं. माझी भांडी त्याच्या स्वयंपाकघरात आहेत, म्हणजे थोडी मीही आहे, असं काहीतरी मनात असायचं. दोन वर्षं असेच रविवार गेले. प्रेमाचं नाव कुणी काढलं नाही.

मग त्यानं एक जुनी गाडी घेतली आणि सीट कव्हर बसवायला आम्ही करोल बागेत गेलो. दुकानदारानं मलाच विचारलं, "भाभीजी, कौन सा रंग?" मी म्हटलं, तपकिरी. बाहेर येऊन उभे राहिलो, हॉर्नच्या कलकलाटात, आणि मी बोलून टाकलं.

"त्यानं मला भाभी म्हटलं आणि मी सरळ रंग सांगितला. मला ते चालणार आहे. तुला?"

त्याचे कान लाल झाले. "मला पण, यार. केव्हाचं."

त्या दिवशी तो माझ्याहून जास्त खूश होता. हे मी आजही कुणापुढेही छातीवर हात ठेवून सांगेन. फसवत नव्हता. गाडी तयार होईपर्यंत त्यानं माझा हात सोडला नाही.

आणि पुढच्या रविवारी त्याला जमलं नाही. प्रोजेक्टची रिलीज होती. त्याच्या पुढच्या रविवारी सर्दी. फोनवर "बिल्कुल, निवांत बोलू ना" म्हणायचा आणि ते निवांत काही उजाडायचं नाही. मी स्वतःची समजूत घालत राहिले. तिसऱ्या आठवड्यात, शनिवारी दुपारी, तो पिशवी घेऊन दारात हजर. माझे पाचही डबे. धुतलेले, पुसलेले आणि भरलेले. एकात साखर, एकात शेंगदाणे, एकात गूळ, एकात पोहे, एकात बेसनाचे लाडू, तेही विकतचे नव्हेत.

"चहा टाकते," मी म्हटलं.

"नको, गाडी रस्त्यात लावलीय."

तो गेला आणि मी वेड्यासारखी आईला फोन लावला. आमच्याकडे कुणाचा डबा रिकामा परत करत नाहीत, चिमूटभर साखर तरी घालतात. येणंजाणं राहू दे, असाच त्याचा अर्थ. आई म्हणाली, "वळण चांगलं आहे हो मुलाला." मी तर लग्नाच्या साडीचा रंगसुद्धा ठरवून बसले. तो चहाला थांबला नव्हता, हे मी सोयीस्कर विसरले.

पुढे दोन आठवडे त्याचा फोन नाही. शेवटी मी त्याच्या ताईकडे गेले. ती मटार सोलत होती. मी हसत हसतच गाऱ्हाणं घातलं, "बघा ना ताई, एवढे प्रेमानं डबे भरून देतो आणि फोन उचलत नाही."

तिचा हात थांबला. "सगळे डबे दिले?"

"पाचही."

"अगं, ही आमच्या आईची पद्धत. बदलीचं वारं लागलं की ती शेजारणींचे डबे परत करायची, भरून. जिच्याशी जास्त जीव जडला, तिचे आधी. मग तिच्याकडे चहाला जाणं बंद. म्हणायची, आत्तापासून सवय करा, निघताना रडारड नको. याला सगळ्यात जास्त त्रास व्हायचा. नंतर नंतर तर आईच्या आधी हाच डबे धुवायला बसायचा."

"पण त्याची कुठे बदली झालीय?"

"नाही ना. तीच तर पंचाईत आहे."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्याला त्याच्या ऑफिसखालच्या चहावाल्याकडे गाठलं.

"डबे का परत केलेस?"

त्यानं चहाचा ग्लास बाकावर ठेवला. मग म्हणाला, "करोल बागेत तू बोललीस ना, तेव्हा इतकं छान वाटलं की भीतीच बसली. आता ही गेली तर, एवढंच डोक्यात यायला लागलं."

"मी कुठे चाललेय?"

"ते आधी कुणालाच माहीत नसतं."

"मग लग्न करू. मी पुण्याचं नाव काढणार नाही. इथेच राहीन, तुझ्याजवळ." मी हे सरळ बोलले, भर दुपारी, चार लोकांत. मला तो हवा होता.

"थोडा वेळ दे मला. प्लीज."

दिला. चार महिने दिला. दर रविवारी अतिथीगृहात एकटी जेवले. मैत्रिणी म्हणाल्या, मिळालीस म्हणून मन भरलं त्याचं. मला ते कधीच पटलं नाही. मन भरलेला माणूस लाडू वळत बसत नाही. पण न पटून काय उपयोग? कारण कळलं की माणूस परत येतो, असं मला तेव्हा वाटायचं. मग एका रविवारी मी घरीच खिचडी टाकली आणि तिथे जाणं थांबवलं. राग आला होता, खूप आला होता, पण भांडायचं त्राण उरलं नव्हतं.

गेल्या महिन्यात तो मेट्रोच्या जिन्यावर भेटला. केस थोडे पिकलेत. मी विचारलं, "अजून इथेच?"

"हो, बस, बंगळूरला बदलीचं चाललंय. होईल आता."

तो आता बंगळूरला जाणार, हे ताई मला दर दिवाळीला फोनवर सांगते. सहा वर्षांत त्यानं ऑफिस बदललं नाही, घर बदललं नाही, गाडीसुद्धा तीच आहे. सोडलं ते फक्त मला.