कॉलेजवालीची दोन पानं

माझ्या बायकोला समोरच्याचं बोलणं आधी त्यालाच परत सांगायची खोड होती. जेवताना मी म्हणालो की भाजीत मीठ नाही, तर ती वाढायचं थांबवून म्हणायची, "म्हणजे तुमचं म्हननं असं, का मले मिठाची आठवन नाई राह्यली. बरोबर?" मी हो म्हटलं की मग, "आता माहं आयका." तोवर भात थंड.

ही खोड तिला कॉलेजात लागली. पोरीचं लग्न झालं आणि हिनं चाळिशीत नागभीडला बी.ए.च्या पहिल्या वर्षाला नाव टाकलं. बारावी तिनं घरी बसूनच केली होती. मी चौथी शिकलेला. गाव तिला कॉलेजवाली म्हणू लागला, चिडवायला म्हणून मीही म्हणू लागलो, आणि तेच नाव राहिलं.

तिथं लेखन शिकवणारे एक सर होते. ते कुणा विद्वानाच्या लेखाची झेरॉक्स द्यायचे आणि त्यावर दोन पानं प्रतिसाद लिहून आणायला सांगायचे. नियम असा, की आधी लेखकाचं म्हणणं असं मांडायचं की तो स्वतः हो म्हणेल. मग आपलं. ही चुलीपाशी पेन्सिल घेऊन बसायची आणि लेखाच्या कडेला एकच गोष्ट लिहायची, "कोणी पाहिलं?" लेखकानं काही ठोकून दिलं आणि बघणारा सांगितला नाही, की लागली पेन्सिल.

शेजारची जयाबाई एकदा सुनेची चुगली घेऊन आली. सून लपवून तूप खाते म्हणाली.

"कोनं पाह्यलं?"

"तू कॉलेजात जाऊन राह्यली का कोर्टात ओ?" जयाबाई उठून गेली. महिनाभर आली नाही.

मग मोहाचा लेख आला. लिहिणारा मोठ्या शहरातला. त्याचं म्हणणं, मोहफुलं वेचणाऱ्या बाया अडाणीपणानं झाडाखाली आग लावतात आणि त्यानं जंगल जळतं. कॉलेजवालीनं त्या पानाची कड पेन्सिलीनं काळी केली. ती लहानपणापासून मोह वेचत होती. पाला जाळल्याशिवाय फूल दिसत नाही, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. आठ दिवस लिहीत होती. दोनदा भात करपला. मी बोललो, तर म्हणाली, "म्हणजे तुमचं म्हननं असं, का भात लागला." मी ताट सरकवून उठलो.

सरांना तिचा प्रतिसाद आवडला. म्हणाले, बाई, हे लेखकालाच पाठवा, पत्ता लेखाखाली आहे. तिनं पाकीट बंद करून माझ्या हातात दिलं.

"टाका पोस्टात. त्याचं उत्तर आलं, तर मी दुसऱ्या वर्षाले नाव टाकीन. नाई आलं, तर समजीन का आपलं काम नोहे."

मी तेव्हा जंगल खात्यात उन्हाळाभर रोजंदारीवर आग राखायचो, म्हणजे जंगलात कुणी आग लावू नये म्हणून पहारा करायचो. कायम होण्याची आशा होती. पोस्टाच्या रस्त्यावर मला भ्या वाटलं, की बाईनं आगीबद्दल काय लिहिलं असेल. पाकीट उघडलं. बोट ठेवून ठेवून वाचलं. आम्ही जाळतो हे खरं, असं सरळ लिहिलं होतं. पण आधी पाला गोळा करतो, भोवतीची जमीन खराट्यानं झाडून कोरी करतो, विझेपर्यंत हलत नाही. आणि हे कोणी पाहिलं, तर खाली माझं नाव, गावासकट, खात्यासकट. बघणारा सांगितल्याशिवाय तिचं लिहिणं पुरं होत नव्हतं. पुढं मी वाचलंच नाही. खळ लावून पाकीट परत बंद केलं आणि घरी तांदळाच्या कोठीमागं सारलं.

"टाकलं का?"

"टाकलं."

पावसाळा गेला. पोस्टमन दिसला की ती दारात यायची. तो लांबूनच मान हलवायचा. मी म्हणायचो, मोठी माणसं, सवड नसेल. दिवाळीनंतर तिनं झेरॉक्सचा गठ्ठा बांधला. "माहंच चुकलं असन," म्हणाली. दुसरं वर्ष राहिलं ते राहिलंच. मोह वेचायला जात होती, पण "आता माहं आयका" पुन्हा कधी म्हणाली नाही. मीठ नाही म्हटलं की चुपचाप मीठ आणून ठेवायची.

मी कायम झालो नाही.

नंतर काही वर्षांनी ती गडचिरोलीच्या दवाखान्यात पडली. तापात मला ओळखत नव्हती. एका सकाळी ओळखलं आणि विचारलं, "तुमी टाकलं होतं नं?" मी म्हटलं, टाकलं होतं. त्यावर तिनं कोणी पाहिलं, असं विचारलं नाही. दुपारी गेली.

तेरवी झाल्यावर मी ते पाकीट खरंच पोस्टात टाकलं. पंधरा दिवसांनी परत आलं, या पत्त्यावर असा माणूस राहत नाही, असा शेरा घेऊन. मग उघडलं आणि त्या वेळी सोडलेलं पुढचं वाचलं. माझ्या नावाखाली एकच ओळ उरली होती.

"हे माझ्या नवऱ्याने डोळ्यांनी पाहिले आहे. तो खोटे बोलत नाही."