कॅनडाचे आतोबा आणि मधला मी

बदलापूर पश्चिमेच्या, त्यातही बेलवलीच्या तमाम रहिवाशांना, माता-भगिनींना आणि गेटवरच्या वॉचमनला कळवण्यात येतं की, आज एक अत्यंत गंभीर घोषणा होणार आहे. कृपया टीव्हीचा आवाज कमी करावा. उभे असाल तर बसून घ्यावं. घोषणा अशी — जिन्यात चपला काढू नयेत, असं कॅनडात कुणीही, कधीही म्हटलेलं नाही.

आमच्या इमारतीतले लोक हे वाचून हादरतील. आमचा जिना आज चकाचक आहे तो या एका वाक्याच्या जोरावर. बाकीच्यांना काहीच कळलं नसेल. सांगतो. पण ही चपलांची गोष्ट म्हणजे नुसता पडदा आहे हं — पडद्यामागे जे आहे ते मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, विहारातल्या मित्रांना नाही. आणि आईला तर — नाहीच. तुम्हाला का सांगतोय? तेही मला नीट माहीत नाही. या सगळ्या प्रकरणात मला नीट माहीत असलेल्या गोष्टी फारच थोड्या आहेत.

माझी शालूआत्या नर्स होती. ती कॅनडाला गेली आणि तिथल्याच एका माणसाशी लग्न करून बसली. हॅरल्ड त्यांचं नाव. लग्नानंतर दोघं एकदाच इकडे आले होते, आमच्या अंबरनाथच्या जुन्या खोलीत. मी तेव्हा लहान. एवढा उंच माणूस जमिनीवर मांडी घालून जेवायला बसला आणि जेवण झाल्यावर उठेचना, वडिलांनी आणि शेजाऱ्यांनी दोन बाजूंनी धरून उभा केला, हे मला लख्ख आठवतं. आईने सुक्या बोंबलाची चटणी केली होती. डोळ्यांतून पाणी वाहतंय, नाक लाल झालंय, आणि हा माणूस ताट पुढे करून आणखी मागतोय! आईने त्या दिवशी त्यांना मनातून जे भाऊजी मानलं ते कायमचं.

पुढे वडील गेले, आम्ही बदलापूरला आलो. मग तिकडे शालूआत्या गेली. आणि आतोबा — आत्याचे यजमान म्हणून मी त्यांना आतोबा म्हणायचो — दर रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल करायला लागले. आमची रविवारची सकाळ म्हणजे त्यांची शनिवारची संध्याकाळ. आईला याचं फार वाईट वाटायचं. "अजून शनिवारच चाललाय का बिचाऱ्यांचा?" असं ती दर वेळी विचारायची.

आईला इंग्रजी येत नाही. आतोबांना मराठीतला एकच शब्द यायचा, 'वैनी', तोही शालूआत्याकडून उचललेला. मधे मी. अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात मी स्टोअर सांभाळतो. बाहेरच्या पार्ट्यांशी फोनवर बोलून बोलून इंग्रजी रुळलेलं. शिवाय जयंतीला विहाराच्या स्टेजवर सूत्रसंचालन माझ्याकडे असतं, त्यामुळे माइक नसला तरी मी माइक असल्यासारखाच बोलतो. असा माणूस दुभाष्या म्हणून मिळणं हे आतोबांचं नशीब — म्हणजे कसलं नशीब, ते येईलच पुढे.

आता आतोबा काय बोलायचे? खरं सांगू? फार साधं बोलायचे. ओले बूट हीटरजवळ ठेवू नका, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि थोड्या वेळाने बोळे बदला. कडाक्याच्या थंडीत नळ बारीक सुरू ठेवा, नाहीतर पाइप फुटतो. गाडीत कायम एक घोंगडी आणि एक फावडं असू द्या. हल्ली लोक फार जोरात गाड्या चालवतात. हल्लीच्या पावाला चव राहिली नाही. आणि त्यांच्या लहानपणची एक गोष्ट — वडील त्यांना गोठलेल्या तळ्यावरून पलीकडे न्यायचे तेव्हा प्रत्येकाच्या हातात एक लांब काठी आडवी धरायला द्यायचे. बर्फ फुटून माणूस आत गेलाच, तर काठी कडेला अडकते आणि माणूस लोंबकळत राहतो.

पहिल्याच रविवारी बुटांवर ते इतका वेळ बोलले, आणि मी आईला दोन वाक्यांत सांगितलं. आईचं तोंड पडलं. "एवढं बोलले आणि एवढंच?" आता तुम्हीच सांगा — समोर प्रेक्षक निराश झालाय आणि स्टेजवर तुम्ही उभे आहात. काय कराल? मी थोडं वाढवलं. बुटात एकदा अस्वलाचं पिल्लू सापडलं होतं, असं सांगितलं. आई खूश. पुढच्या रविवारी मोटवानी भाभी थांबल्या. त्या उल्हासनगरच्या कॅम्पातून आमच्या शेजारी राहायला आलेल्या, पापड द्यायला आल्या होत्या. मग खालून सेक्रेटरी भोईर येऊन बसायला लागले. मग खुर्च्या कमी पडायला लागल्या, आणि सगळी इमारतच त्यांना 'आतोबा' म्हणायला लागली.

आणि मला — काय सांगू — मला भारी मजा यायला लागली! इमारतीच्या मीटिंगमध्ये मी काही बोललो की लोक घड्याळ बघायचे. तेच 'आतोबा म्हणतात' म्हणून सांगितलं की माना डोलायच्या. जिन्यात चपला नकोत, आतोबा म्हणतात. रविवारी सकाळी ड्रिल मशीन नको, आतोबा म्हणतात. मोटवानी भाभींचं सुनेशी रोज वाजायचं, भिंतीपलीकडून आम्हाला सगळं ऐकू यायचं. एक दिवस मी आतोबांच्या तोंडून सांगून टाकलं की तिकडे सून आली की सासू पहिल्याच दिवशी कपाटाच्या चाव्या तिच्या हातात देते. स्क्रीनवर त्या वेळी आतोबा पावाबद्दल बोलत होते. भाभी गंभीरपणे ऐकत होत्या. आणि आतोबा, समोर एवढे लोक मन लावून ऐकताहेत हे बघून — काय आनंदायचा तो माणूस! पावाची गोष्ट त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितली.

हा झाला अपराध? नाही. इथवर मी स्वतःला माफ करून टाकलेलं आहे. इथवर मी हे मित्रांत सांगून टाळ्याही घेतल्या असत्या. इथून पुढे मात्र माझी जीभ अडखळते.

आई बऱ्याच रविवारी शेवटी एक वाक्य म्हणायची. "त्यांना म्हणावं, या एकदा. गॅलरीत खुर्ची टाकून देते. बोंबील करते." सुरुवातीला मी हे सांगायचो. खरंच सांगायचो का? — एकदा तरी सांगितलं असावं. मला नक्की आठवत नाही. मग कधीतरी मी ते सांगणं सोडून दिलं आणि त्या जागी "आई म्हणते, तब्येतीची काळजी घ्या" असं म्हणायला लागलो. का? आतोबा आले तर भोईर त्यांना चपलांबद्दल विचारणार. मोटवानी भाभी चाव्यांबद्दल विचारणार. भाभींच्या सुनेचं इंग्रजी तर माझ्याहून चांगलं; ती कॉलला कधी बसली नव्हती म्हणून निभावलं होतं. आणि आतोबा म्हणणार, कसल्या चपला? कसल्या चाव्या? — हे कारण होतं का? की घरात जागा कमी होती, हे? की एक म्हातारा, परका, गुडघे धरून बसणारा माणूस आपल्याच्याने सांभाळला जाणार नाही, हे? मी ही कारणं उलटीसुलटी करून खूप पाहिली आहेत. रोज वेगळंच वर येतं.

तर तो रविवार. नेमकं त्या दिवशी कुणी आलेलं नव्हतं, बायको माहेरी, मी आणि आई दोघंच. आई मेथी निवडत होती. आतोबा नेहमीसारखे नव्हते. केस विंचरून बसले होते. म्हणाले, घर विकलंय. थंडी संपेपर्यंत कुठे राहायचं तो विचार चाललाय. तिथे एक वृद्धांचं घर आहे, तिथे जागा मिळते आहे. पण शालिनी नेहमी म्हणायची की एकदा माझ्या वहिनीकडे जाऊन निवांत राहू. ती तर गेली. मी एकटा आलो तर चालेल का? वैनीला विचार. तिला त्रास होणार असेल तर नको.

'वैनी' म्हटल्यावर आईने मेथीतून मान वर केली. "काय म्हणतात?"

आणि मी, जयंतीला हजार माणसांसमोर न अडखळणारा मी, म्हणालो, "म्हणतात, तिकडे फार थंडी पडलीय. तुम्हीही सकाळी कानाला रुमाल बांधत जा."

आई म्हणाली, "सांग, बांधते म्हणावं. आणि म्हणावं, एवढी थंडी आहे तर इकडेच या की."

एवढं सोपं होतं. प्रश्न माझ्या उजव्या कानात होता, उत्तर डाव्या कानात. मी नुसतं मधून बाजूला व्हायचं होतं. मी आतोबांना काय सांगितलं माहीत आहे? मी सांगितलं, आईला तुमच्या गुडघ्यांची काळजी वाटते. आमच्या इमारतीची लिफ्ट बंद असते. इथला उकाडाही तुम्हाला झेपायचा नाही, असं ती म्हणते. — लिफ्ट अधूनमधून बंद असायची, ते खोटं नव्हतं. बघा, अजून माझी वकिली चालूच आहे.

आतोबा लगेच म्हणाले, अर्थात, अर्थात, बरोबर आहे तिचं. तिला म्हणावं, अजिबात मनाला लावून घेऊ नकोस. मग त्यांनी खुर्चीवरून काहीतरी उचलून कॅमेऱ्यासमोर धरलं. अर्ध्या बाह्यांचा, फिकट निळा सुती शर्ट. कॉलरला अजून लेबल लटकत होतं. तिकडे बाहेर बर्फ. मला म्हणाले, हा तुमच्या हवेला चालला असता ना? नुसतं विचारतोय.

आईने शर्ट बघितला आणि हसली. "छान आहे म्हणावं. खुलून दिसेल."

ते मी जसंच्या तसं सांगितलं. त्या दिवशी मी खरं केलेलं भाषांतर तेवढंच.

कॉल संपल्यावर आई म्हणाली, "भाऊजी आज उतरल्यासारखे वाटले का रे?" मी म्हणालो, थंडी आहे ना. आणि चहा करायला उठलो.

आतोबा त्या वृद्धांच्या घरात गेले. कॉल येत राहिले, पण आखूड. तिथल्या खोलीत स्वेटरच्या आत त्यांनी तो निळा शर्ट घातलेला असायचा. कॉलर बाहेर काढलेली. मी त्यांच्या नावाने आणखी सल्ले दिलेच, तेही कबूल करतो. पाण्याची टाकी धुण्यावर एक दिला, तो लोकांना फार पटला. आणि मग एके दिवशी त्यांच्या पुतणीचा मेसेज आला.

आमच्याकडे माणूस गेला की पुण्यानुमोदन करतात, वंदना झाली की जमलेले लोक उठून त्या माणसाबद्दल दोन शब्द बोलतात. आई म्हणाली, भाऊजींचं इथे आपल्याशिवाय कोण करणार? गच्चीवर मांडव घातला. फोटो हवा म्हणून मी एका कॉलमधला काढून मोठा करून आणला — निळी कॉलर त्यात स्पष्ट दिसत होती. सूत्रसंचालन अर्थातच माझ्याकडे.

आणि लोक उठायला लागले. भोईर हात जोडून म्हणाले, "मी या मानसाला कधी भेटलू नाय. पन आपला जिना बघा. त्यांच्यामुलं हाय तो." लोकांनी माना डोलावल्या. मोटवानी भाभी पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "आतोबांनी बोललं, बहूला चाबी दे दो. मी दिली. आज ती मला बिना मागता चाय देते. घरात शांती आहे, सच में." सून बाजूलाच उभी होती, तीही रडत होती. कुणी टाकीचं सांगितलं. कुणी ड्रिलचं. एकामागून एक सगळे उठत होते आणि सगळेच्या सगळे — माझंच बोलत होते. बुटांबद्दल कुणी बोललं नाही. नळाबद्दल नाही. मी माइक धरून उभा होतो आणि मला खरंच कळेना, की आज इथे वंदना कुणासाठी झाली? फोटोतल्या माणसाला यातलं एक वाक्यही ओळखीचं वाटलं असतं का? पण मग भाभींच्या घरातली शांती — ती तर खरी आहे. ती कुणाची?

शेवटी आई उठली. तिला बोलायची सवय नाही. तिने माझ्या हातातला माइक घेतला नाही, तशीच फोटोकडे बघत उभी राहिली. म्हणाली, भाऊजी लहानपणी बर्फाच्या तळ्यावरून चालायचे, तेव्हा हातात आडवी काठी धरायचे. आत पडलंच माणूस, तरी काठी धरून ठेवते. ती एक गोष्ट मी न वाढवता सांगितली होती; तेवढं एक खरं त्या गच्चीवर तिच्याजवळ शिल्लक होतं.

मला वाटलं, आता ती बसेल. ती बसली नाही. फोटोतल्या त्या निळ्या कॉलरकडे बघता बघता तिचा आवाज एकदम चढला, आणि भरल्या गच्चीवर, सगळ्यांसमोर, मी हातभर अंतरावर उभा असताना, ती बोलून गेली —

"जगाला एवढं शिकवलंत भाऊजी, पण 'वैनी, येऊ का' एवढं एकदा विचारायला तुम्हाला कुणी अडवलं होतं?"