मेणावरची शीग

दुंबेगूच्या धान्यबाजारात बाजरीचं माप कुणी सपाट देत नाही. वाडगा काठोकाठ भरतो, त्यावर शीग चढते, दाणे कडेनं घरंगळू लागतात, आणि तरीही मापणारी बाई वर एक ओंजळ टाकतेच. त्या ओंजळीला तिथं ग्यारा म्हणतात. ग्यारा न घालणारीकडे गिऱ्हाईक दुसऱ्यांदा फिरकत नाही. तबावाची आई तर म्हणायची, "सपाट माप म्हणजे भुकेल्याच्या तोंडावर दार लावणं."

तबावानं नवव्या वर्षी वाडगा हातात घेतला, तो पंचेचाळिसाव्या वर्षापर्यंत. हातात वस्तू घेतली की तिचं माप तिला कळायचं. ही कीर्ती ऐकून इस्पितळातला म्हातारा डॉक्टर एक दिवस बाजारात आला आणि तिला घेऊन गेला. तिथं लहानपणी रोगानं गाल खाल्लेली माणसं यायची. मांडीतलं मांस काढून गालाच्या खड्ड्यात बसवायचं, तर आधी खड्डा केवढा ते कळायला हवं. मोजणारं मोठं यंत्र होतं, पण ते राजधानीत.

तेव्हापासून ते काम तबावाचं. कोमट पाण्यात मऊ केलेलं मेण ती खड्ड्यात हलक्या हातानं भरायची, धडधाकट गालाकडे पाहत बाहेरचा उंचवटा घडवायची. मग तो मेणाचा गाल काढून तोटीच्या भांड्यात बुडवायचा. भांडं आधीच काठोकाठ भरलेलं. मेण तरंगतं, म्हणून सुईच्या टोकानं खाली धरायचं. तोटीतून सांडेल तेवढं पाणी रेघांच्या नळीत झेलायचं आणि आकडा कार्डावर लिहायचा. सगळीकडे मधाचा वास दरवळायचा. हरमाट्टानच्या, वाळवंटाकडून येणाऱ्या कोरड्या वाऱ्याच्या, दिवसांत खिडकीबाहेर नुसती पांढरी धूळ असायची, सूर्य चंद्रासारखा फिका, आणि तिच्यापुढे बसलेली माणसं डोळे मिटून घ्यायची. तिलाही वाटायचं, आपण जागे नाही. समोर चेहरा नाही, वाळलेलं तळं आहे, आणि आपण त्यात हळूहळू पाणी सोडतोय.

आणि प्रत्येक वेळी, मेण बुडवायच्या आधी, तिचे हात आपसूक दोन बोरांएवढं मेण वर चिकटवायचे. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. श्वास घेतो हे कोण सांगतं?

म्हातारा डॉक्टर खूश असायचा. "गोग्गो, तुझं माप कधी कमी पडत नाही बघ," म्हणायचा. गोग्गो म्हणजे आत्या. सगळं इस्पितळ तिला हेच म्हणायचं. मग तो आपल्या देशी परत गेला आणि मागच्या वर्षी डॉक्टर मकामा आले.

त्या थंडीत देलू आली. वय बावीस, ओढणीचं टोक सतत उजव्या गालावर दाबलेलं. मोठ्या भावानं तिला एकदाच यायला सोडलं होतं. "परत परत जाणं जमायचं नाही," असं बजावून.

मेण भरताना ती ओठांच्या कोपऱ्यातून म्हणाली, "गोग्गो, माझी शीग जरा मोठी ठेव हं. जन्मभर मला सगळं कमीच मिळालंय."

"बोलू नकोस, मेण हलतं," तबावा म्हणाली. पण तिनं तीन बोरांएवढं मेण वर लावलं. कार्डावर चव्वेचाळीस आकडा पडला. शस्त्रक्रिया गुरुवारी.

सोमवारी बुदा तपासणीला आला. मागच्या वर्षीचा रुग्ण, गुरांचा दलाल, तोंडाचा फटकळ.

"या गालाकडे बघ जरा, गोग्गो! बैल विकायला गेलो की लोक म्हणतात, आधी तोंडातला घास गिळ, मग भाव सांग. बायको म्हणते, त्याच कुशीवर झोपत जा, उशी कशाला वाया घालवायची!"

तो हसला तेव्हा भरलेला गाल हललाच नाही. डॉक्टर मकामा मात्र हसले नाहीत. त्यांनी तो गाल दोन बोटांत धरला.

"पुन्हा कापून बारीक करावा लागेल. माझंच चुकतंय कुठंतरी. मांस पुढे आक्रसतं, म्हणून मी मापावर पाचवा हिस्सा वाढवतो. तो आक्रसून जायला हवा होता."

तबावाच्या हातातली सुई पाण्यात पडली. *हे पण वाढवतात.* म्हातारा डॉक्टर मापाबरहुकूम कापायचा, आणि मांस आक्रसून पडणारी तूट तिचा ग्यारा भरून काढायचा. आता ग्यारावर ग्यारा चढत होता.

दोन दिवस ती गप्प राहिली. कबूल करावं, तर म्हातारीच्या मापावर पुन्हा कोण विश्वास ठेवील? न करावं, तर देलूचा गाल बुदासारखा फुगणार, आणि देलूला परत यायला भाऊ सोडणार नाही. रात्री स्वप्नात ती बाजारात बसली होती. गिऱ्हाइकं रांगेनं येत होती, वाडग्याऐवजी चेहरे पुढे करत होती, आणि ती ओतत होती, ओतत होती, थांबताच येत नव्हतं.

बुधवारी सकाळी ती डॉक्टरांच्या टेबलापाशी उभी राहिली.

"डॉक्टर, माझं माप खरं नाही. मी वर थोडं घालते."

"थोडं म्हणजे?"

"ग्यारा."

डॉक्टरही दुंबेगूचेच. त्यांना पुढचं सांगावं लागलं नाही. "कुणाकुणाला?"

"सगळ्यांना. तुम्ही वाढवता हे मला ठाऊक नव्हतं. मी वाढवते हे तुम्हाला."

त्यांनी देलूचं कार्ड पुढे ओढलं. "वर्षभर मला झोप नाही, गोग्गो. वाटायचं, माझा हातच वाईट." मग कार्ड फाडून टाकत म्हणाले, "जा, पुन्हा माप. सपाट."

देलूला ते ऐकून रडू फुटलं. "बुदाला भरभरून, आणि मलाच सपाट? माझ्यावर कसला राग काढतेस?"

"राग असता तर भरलंच असतं, पोरी. जास्तीचं मी नाही, डॉक्टर घालणारेत. दोघांनी घातलं की फुगतं. बस इथं."

मेण भरून झालं. सवयीनं उजवा हात वाटीतल्या मेणाकडे गेला. तबावानं तो डाव्या हातानं धरून खाली ठेवला. वाडगा हातात घेतल्यापासून पहिल्यांदा तिनं माप काठाशी थांबवलं. हाताला चोरी केल्यासारखं वाटत होतं. नळीत पाणी अडतिसाच्या रेघेवर थांबलं.

गुरुवारी गाल बसला. जाताना देलू तिच्याशी बोलली नाही.

पाऊस येऊन गेला, बाजरी कणसात आली. आठव्या महिन्यात तपासणीची वेळ आली तेव्हा भाऊ स्वतःच देलूला घेऊन आला आणि बाहेर कडुलिंबाखाली बसला. आत देलू तबावापुढे बसली, ओढणी दोन्ही गालांवरून घेतली आणि म्हणाली, "डोळे मिट. आता हातानं सांग, दोन्ही सारखे आहेत का."

तबावानं डोळे मिटले, दोन्ही तळवे ओढणीवरून गालांना लावले आणि तोलत राहिली. डावा. उजवा. पुन्हा डावा.

खोटं सांगावंसं तिला फार वाटलं. "उजवा चिमूटभर कमी आहे," ती म्हणाली. "माझं चुकलं, पोरी. चिमूटभर तरी—"

"मला माहीत आहे गं." तळव्यांखालचे दोन्ही गाल हलले, देलू हसत होती. "काल आख्खा बाजार फिरले, गोग्गो. तोंडावर काही न घेता, बाजरीच्या ओळीपासून थेट गुरांच्या बाजारापर्यंत."

"मग?"

"मग काय! एकानंही वळून बघितलं नाही."