अकरा सुऱ्यांची खंडेनवमी

“पाणी नको! आई, पाणी नको गं!” मी असा ओरडलो की समोरच्या इमारतीतल्या बाईंनी घाबरून स्वतःचा नळ बंद केला.

पण उशीर झाला होता. आईने तांब्यात झेंडू बुडवून पहिला शिंतोडा उडवला होता. पाटावर माझ्या अकरा सुऱ्या, प्रत्येकीला हळदकुंकवाची बोटं.

“खंडेनवमी हाय,” आई शांतपणे म्हणाली. “अख्ख्या डोंबिवलीला सांगत फिरतोस ना, शस्त्रं जमवलीत म्हणून? मग शस्त्रांची पूजा नको?”

आता हे खरं की मी सांगत फिरायचो. नेपाळच्या डोंगरातल्या लोहाराने माझ्यादेखत कुकरीने पडतं पान हवेत चिरलं, हे मी सांगायचो. पुढच्या सांगण्यात त्या पानाचा केस झाला. मागच्या गणपतीत तर तो केस उभा चिरला गेला. जावा बेटावरच्या लोहाराने म्हणे तापलेलं पातं पाण्यात विझवताना पाऊस थांबवला होता. पाहुणे काचेच्या कपाटासमोर तोंड उघडं टाकून उभे राहायचे आणि आई स्वयंपाकघरातून म्हणायची, “अकरा सुऱ्यांचा मालक हाय, पण वांगं चिरायला दिलं की बोट कापून घेतो.” आमच्या घरात भाजी, मासळी, नारळ, सगळं अजून विळीवरच.

पण जपानची सुरी थट्टेची नव्हती. एका खेड्यातल्या म्हाताऱ्या लोहाराने ती मला दोनदा नाकारली होती. तिसऱ्या दिवशी त्याने पात्यावर थेंबभर पाणी टाकलं, लगेच फडक्याने टिपलं आणि बोट माझ्याकडे रोखलं. म्हणजे: तू पुसशील? कच्चं पोलाद ते, ओलं राहिलं की गंजणार. मला त्याची भाषा येईना, त्याला माझी. मी गळ्याला चिमूट लावून मराठीत म्हणालो, “आईची शपथ, हिच्यावर पाण्याचा थेंब राहू देणार नाही.” म्हाताऱ्याला काय कळलं देव जाणे, पण त्याने सुरी कागदात गुंडाळून दिली.

आणि आज जिची शपथ, तिच्याच हातात तांब्या!

मी फडकं घेऊन झेपावलो.

“हात लावशील तर बघ. पूजेतलं हत्यार दसऱ्यापर्यंत उचलत नाय.”

“नुसतं टिपतो गं.”

“नुसतं टिपणं म्हणजे काय पायाने टिपतोस?”

मी वाकून पाहिलं. त्या सुरीवर पाणी अळूच्या पानावरच्यासारखं घरंगळत होतं. त्या संकटातही माझी छाती फुगली. “बघ,” मी बायकोला म्हणालो, “याला म्हणतात जपानी पोलाद. पाणी टिकूच देत नाही.”

“मग ओरडताय कशाला?” बायको म्हणाली.

तेवढ्यात मला युक्ती सुचली. हात लावायला बंदी, वारा घालायला कुठे बंदी? मी बायकोचा केस वाळवायचा ड्रायर आणला, पाटापासून हातभर लांब बसलो आणि बटण दाबलं. पुढचं अगदी खरं सांगतो. पहिला झेंडू बायकोच्या चहात पडला, दुसरा पंख्यावर जाऊन बसला आणि कुंकू असं उडालं की गेल्याच महिन्यात रंगवलेली भिंत नवरीसारखी लाजली.

“देवाला गरम हवा सोडतोस?” आईने प्लग काढला, ड्रायर घेतला आणि आपल्या उशीखाली ठेवला.

संध्याकाळभर मी पाटासमोर बसून होतो. मला तो म्हातारा दिसत होता, बोट रोखलेला. बायकोने विचारलं, “जेवायचं नाही का?” मी म्हटलं, “सुतकात कोण जेवतं?” मग दोनदा जेवलो.

दसऱ्याला सकाळी आईने पूजा हलवली तशी मी जपानी सुरी उचलली, अंगठ्याने कुंकू पुसलं. खाली पातं लख्ख! डाग नाही, तांबूस रेघसुद्धा नाही. बोट मात्र बुळबुळीत झालं. वास घेतला. खोबरेल तेल.

एकेक करून बाकीच्या दहा पाहिल्या. सगळ्यांना मुठीपासून टोकापर्यंत तेल चोपडलेलं.

आई कळव्याची. तिचे वडील जन्मभर मिठागरात राबले. तिथे खाऱ्या वाऱ्यात विसरलेला कोयता महिन्याभरात लाल भुगा व्हायचा, म्हणून पूजेच्या आदल्या दिवशी घरातल्या सगळ्या लोखंडाला तेल लावायचं काम लहानपणी तिच्याकडे असे. हे ती मला शंभरदा सांगून चुकली होती. मी शंभरही वेळा जपानचं सांगत होतो.

सुरी हातात धरून मी स्वयंपाकघरात गेलो. ती विळीवर नारळ खवत बसली होती.

“आई, तेल लावलं होतंस, तर काल सांगितलं का नाहीस?”

तिने वर पाहिलंसुद्धा नाही.

“तू ओरडत होतास.”