पहिला नंबर आमचा होता

फुटबॉल खेळायला गोलकीपर लागतो, हा शोध आमच्या मराठी टीमला तिसऱ्या वर्षी लागला.

आधीची दोन वर्षं आम्ही गोलपुढे माणूस उभा करायचो, नाही असं नाही. पण ज्याची पाळी तो. गणपतीत आरतीचं ताट हातोहात फिरतं, तसे आमच्याकडे हातमोजे फिरायचे. एकजण उभा राहायचा, गोल खायचा, मोजे पुढच्याच्या हातात कोंबायचा आणि पुढे पळायचा, कारण आमच्यात प्रत्येकालाच गोल करायचा होता. मेट्रोचे दरवाजे अधूनमधून तरी बंद होतात. आमचा गोल कधी बंद झाला नाही. एका मॅचला तर जाळंच इतकं झिजलं की समोरच्या टीमने वर्गणी काढून आम्हाला नवं दिलं. यात थोडी भर माझी आहे, पण थोडीच.

मी खेळायचे नाही. मी ओरडायचे. दोह्यात आल्यापासून माझा आवाज अल मुंतझाच्या फ्लॅटमध्ये कोंडून पडला होता, त्याला शुक्रवारी सकाळी मैदानावर मोकळं सोडायचे. मैदानाच्या पलीकडे विश्वचषकाच्या तयारीतला कसला तरी पूल चालू होता. मी एकदा 'पुढे व्हा' म्हणून ओरडले, तर तिथल्या कामगारांनी डबे उघडले. त्यांना वाटलं, जेवणाची सुट्टी झाली.

तेव्हा सगळ्या शहराला फुटबॉल चढला होता. स्टेडियमं उभी राहत होती, रस्ते रोज जागा बदलत होते, आणि जन्मात बॅटशिवाय कशाला हात न लावलेली माणसं ऑफसाइडवर वाद घालत होती. अशातच इथल्या भारतीयांनी सहा टीमांची लीग काढली. काम वाढत होतं तशी दरवर्षी नवी माणसं येत. त्यांतले खेळणारे नावं द्यायचे आणि मोसमाआधी एके संध्याकाळी सगळे कप्तान बसून एकेक माणूस निवडायचे. याला सगळे ड्राफ्ट म्हणत. गेल्या वर्षी जी टीम तळाला, तिला पहिली निवड. या न्यायाने पहिला नंबर आमचा ठरलेलाच. दुसरीकडे कुठे पहिले आलो नाही, इथे मात्र कुणी आमचा हात धरू शकलं नाही.

पण याच लीगचा आणखी एक नियम होता. एखादी टीम लागोपाठ तीन वर्षं तळाला राहिली तर ती मोडायची आणि तिची माणसं बाकीच्या पाचांत वाटून टाकायची. आमची दोन वर्षं भरली होती.

माझ्या नवऱ्याला याचं विशेष काही वाटलं नाही. तो गॅस कंपनीत पाइपलाइनींचं बघतो आणि मैदानावर डावीकडे बचावाला उभा राहतो. चेंडू आला की त्याची आधी तपासणी करतो, मग मारतो. तोवर चेंडू दुसऱ्याने नेलेला असतो. 'टीम मोडली तर दुसऱ्या टीमकडून खेळू, त्यात काय,' असं तो आमच्याच हॉलमध्ये, मी केलेले पोहे खात म्हणाला. टीमची बैठक चालू होती.

कप्तान दाराशेजारच्या खुर्चीत बसला होता. साताऱ्याकडचा, कामगारांना साइटवर नेणारी बस चालवायचा, राहायला इंडस्ट्रियल एरियात कंपनीच्या कॅम्पवर. तसा अबोल. त्याने बशी खाली ठेवली आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "वहिनी, टीम फुटली तर मी बोलू कुणासंगं? खोलीत नेपाळी हाय, बंगाली हाय, दोन तेलुगू हायती. घरी फोन लावला तर बायको म्हणती, पोरं झोपल्यात, उद्या बोला. शुक्रवारचं मराठी बोलतोय तेवढंच."

नवऱ्याने पुढचा घास उगाचच बराच वेळ चावला.

त्या दिवशी धोरण ठरलं, आणि ते मी ठरवलं. बाकीच्यांना फॉरवर्ड हवा होता. कुणी म्हणे कोलकात्याचा एक आलाय, त्याच्या पायाला चेंडू चिकटतो. मी म्हटलं, आपल्याकडे गोल करायला निघालेले अकरा आहेत, त्यांत आणखी बारावा कशाला? आपल्याला अडवणारा पाहिजे. आणि तो मी बघून ठेवलाय.

खरंच ठेवला होता. अल मन्सूरातल्या वाण्याच्या दुकानात मी कढीपत्ता निवडत होते. वरच्या फळीवरचं नारळाचं पोतं उसवलं आणि नारळ सुटले. खाली एक उंच मुलगा उभा होता, मंगळूरकडचा, मेट्रोत नोकरीला आलेला. त्याने दोन नारळ दोन हातांत झेलले, तिसरा छातीवर घेतला, चौथा गुडघ्याने, आणि पाचवा गल्ल्यावरच्या माणसाच्या टकलावर बसणार तेवढ्यात आडवी झेप घेऊन बोटांच्या टोकांनी बाजूला सारला. नवरा म्हणतो, असं होणं शक्य नाही. पण तो तिथे नव्हता. चौकशी केली तर मुलगा कॉलेजच्या टीमचा गोलकीपर निघाला आणि ड्राफ्टमध्ये त्याचं नावही होतं.

कप्तानाला मी निक्षून सांगितलं, भाऊजी, पहिला नंबर आपला, गोलकीपर आपला, खलास. तो म्हणाला, हो वहिनी. नाव पाठसुद्धा केलं.

ड्राफ्ट अल मन्सूरातल्याच एका हॉटेलच्या वरच्या मजल्यावर होता. सहाही कप्तान टेबलाभोवती, मागे आम्ही पाठीराखे, आणि मध्ये लीगचे अध्यक्ष, चेन्नईचे एक ऑडिटर. माणूस घड्याळासारखा. कुणी पाळी सोडली तर ती थेट शेवटी जाणार, हे त्यांनी सुरुवातीलाच बजावलं. कप्तान इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. अध्यक्षांनी आमच्या टीमचं नाव पुकारलं. पहिली निवड तुमची.

आता आपल्याकडची रीत काय ती मी तुम्हाला सांगायला नको. कुणी काही पुढे केलं की लगेच हात घालायचा नसतो. लाडू आला की 'नको, आत्ताच जेवलोय' म्हणायचं. पुन्हा आग्रह झाला की 'खरंच नको'. मग यजमान ताटात लाडू ठेवतोच आणि आपण 'अहो कशाला' म्हणत तो खातो. कप्तान चांगल्या घरचा, याच वळणात वाढलेला. तो उठला. भोवती पाच वडीलधारे कप्तान बसलेले बघून त्याला एकदम संकोच वाटला असावा. हात जोडून, गोड हसून तो म्हणाला, "नहीं नहीं, पहले आप लोग लीजिए. हमारा क्या, हम बाद में ले लेंगे."

आणि खाली बसून आग्रहाची वाट बघू लागला.

अध्यक्षांनी मान हलवली आणि पुढचं नाव पुकारलं. मलबारची टीम गेल्या वर्षी तळातून दुसरी होती, म्हणून आता पाळी तिच्या कप्तानाची. त्याने आमच्या कप्तानाकडे बघितलं, अध्यक्षांकडे बघितलं, हे खरंच घडतंय याची खात्री केली, मग छातीवर हात ठेवून 'शुक्रन, भाई' असे आभार मानले आणि आमचा नारळवाला घेऊन गेला.

मी उभी राहिले. अध्यक्षांना मराठीत म्हटलं, अहो, त्यांना एकदा आग्रह करून तरी बघा. अध्यक्षांना मराठी येत नव्हतं. त्यांनी वेटरला बोलावून मला पाणी द्यायला सांगितलं.

कप्तान माझ्याकडे वळून बघेना. त्याचे कान मात्र मागून दिसत होते, आणि ते एवढे लाल झाले होते की वेटरने एसी वाढवला. पुढे जिन्यात एवढंच म्हणाला, "कुणी येकदा तरी म्हणायला पायजे हुतं की, वहिनी." यावर बोलण्यासारखं पुष्कळ होतं, पण जिन्यात रहदारी होती.

तर फिरून आमची पाळी आली तेव्हा दोनच माणसं उरली होती. एकाला डॉक्टरने वजनासाठी पळायला सांगितलं होतं. दुसरा लातूरकडचा, एसी बसवणारा. उंची एवढी की बसच्या दारातून तो हप्त्याहप्त्याने आत यायचा. खेळतोस काय, तर व्हॉलीबॉल. मी मागून म्हटलं, उंच घ्या. या वेळी कप्तानाने एका श्वासात नाव घेतलं. अध्यक्ष अजून प्रश्न विचारत होते.

लातूरकराला गोलपुढे उभं केलं आणि हातमोज्यांची फिरती आरती थांबली. पण चेंडू पकडायचा असतो हे काही त्याला पटेना. कॅम्पमागच्या वाळूत रोज संध्याकाळी जाळी बांधून खेळणारा माणूस तो. चेंडू आला की दोन्ही मनगटं जोडून उडवायचा, मग हवेत झेप घेऊन असा हाणायचा की चेंडू थेट समोरच्यांच्या गोलजवळ. पहिल्यांदा त्याने हे केलं तेव्हा रेफ्री शिट्टी तोंडात धरून नुसता उभा राहिला. कोणता नियम मोडला ते त्याला सापडेना. एकदा तर चेंडू पुलाच्या कामावर गेला आणि क्रेनवाल्याने तो हुकाला टांगून परत दिला. हे मी पाहिलंय.

त्यात कॉर्नर किक आली की लातूरकर 'ब्लॉक' म्हणून ओरडायचा, आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे बचाववाले त्याच्याबरोबर भिंतीसारखे उडायचे. त्यांनी हात मात्र खाली ठेवायचे, असं ठरलं होतं. आम्ही हरायचो, पण एखाददुसऱ्या गोलाने. मग बरोबरी व्हायला लागली. एक मॅच तर आम्ही जिंकलो, तेव्हा कुणालाच काय करायचं ते माहीत नव्हतं म्हणून सगळ्यांनी एकमेकांशी हस्तांदोलन केलं, ऑफिसातून निवृत्त होणाऱ्याशी करतात तसं.

शेवटची मॅच नेमकी मलबारच्या टीमशी. हिशोब सोपा होता. बरोबरी झाली तरी आम्ही तळातून दुसरे आणि टीम वाचली. हरलो तर टीम मोडली.

कप्तान सकाळपासून एक शब्द बोलला नव्हता. मधल्या फळीत तो असा पळत होता की त्याची सावली मागे राहिली. पलीकडे नारळवाला, अलीकडे लातूरकर, गोल कुणाचाच होईना. मी एवढी ओरडले की माझा आवाज बसला. शेवटची काही मिनिटं मी नुसते हातवारे करत होते, आणि शेजारचे मलबारी पाठीराखे मला लिंबूपाणी पाजत होते. माणसं फार भली.

अगदी शेवटी त्यांना कॉर्नर मिळाला. लातूरकर ओरडला, 'ब्लॉक'. तिघे उडाले. दोघांचे हात खाली होते. तिसरा माझा नवरा. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने तपासणी न करता काही केलं होतं: दोन्ही हात आकाशाकडे, आणि चेंडू नेमका तळहातांवर.

पेनल्टी.

नवरा माझ्याकडे बघत होता. माझा आवाज बसला होता हे त्याचं नशीब. कप्तान मात्र गोलपर्यंत चालत गेला, लातूरकराचा दंड धरला आणि काहीतरी म्हणाला. काय म्हणाला ते मी पुढे लातूरकराला विचारलं. "काही नाही वैनी, म्हणले, मधी जाळी हाय असं समज."

त्यांच्या कप्तानाने पळत येऊन चेंडू मारला, खणखणीत, कोपऱ्यात, वरच्या अंगाला. लातूरकर झेपावला नाही, पडला नाही. जाळीशी स्मॅश परतवावा तसा उलटा झुकला, आणि हातमोज्यातल्या तळहाताने असा फटका दिला की चेंडू मैदानभर उडत गेला. नारळवाल्याने तो दुसऱ्या टोकाला पकडलासुद्धा. तेवढ्यात शिट्टी झाली.

पुढे काय झालं ते मला नीट आठवत नाही. कुणीतरी लातूरकराला उचलायचा प्रयत्न केला आणि कमरेत उसण भरली, एवढं नक्की.

कप्तानाची बस दुसरा ड्रायव्हर घेऊन गेला होता, म्हणून त्याला कॅम्पवर सोडायला आमची गाडी निघाली. नवरा चालवत होता, कप्तान पुढे, मी मागे. गाडी मैदानाच्या फाटकातून बाहेर पडली आणि कप्तान बोलायला लागला. आधी मॅचबद्दल. मग घरच्या म्हशीबद्दल. मग थोरल्या मुलीला गणित कसं येतं आणि धाकट्याला कसं मुळीच येत नाही त्याबद्दल. मेहुण्याने ट्रॅक्टर घेतला तो कुठल्या रंगाचा, आणि तो रंग कसा चुकला. रस्ता विश्वचषकासाठी पुन्हा वळवला होता, नवरा दोनदा चुकला, एशियन टाउनला वळसा पडला, कप्तानाचं लक्षही नव्हतं. तो पुढच्या मोसमात कुणाला कुठे खेळवायचं ते सांगत होता आणि मध्येच पुन्हा म्हशीवर येत होता.

मध्ये तोंड घालायला मला शंभर जागा सापडल्या. घसा बसला होता म्हणा किंवा काही म्हणा, मी एकीतही घातलं नाही. आमच्या घराण्यात हा विक्रम आहे.

कॅम्पच्या फाटकाशी गाडी थांबली. तो 'यल्ला, येतो' म्हणून उतरला, दार लावलं, दोन पावलं गेला, परत आला आणि दार उघडलं.

"आन् वहिनी, आमच्या इहिरीचं सांगायचं ऱ्हायलंच की."

नवऱ्याने इंजिन बंद केलं.